ऑफिसच्या भंगारातला फायरवॉल डबा घरी वापरायचाय, सोलापुरात कुणी केलंय का?

अशोकचौक_पूर्व | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस होटगी रोडला आहे, तिथं जुना फायरवॉल (नेटवरनं येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारा डबा) काढून नवीन बसवला आणि जुना डबा स्टोअरमध्ये दोन वर्षं धूळ खात पडला होता, परवा भंगार काढताना साहेबांनी विचारलं कुणाला पाहिजे का आणि मी लगेच हो म्हणलो. रॅकमध्ये बसतो तसला चपटा आहे, पुढं सहा लॅन पोर्ट, कन्सोल लिहिलेला एक वेगळा पोर्ट आणि दोन यूएसबी. मॉडेलचं स्टिकर फाटलंय. लायसन्स संपल्यामुळं मूळ सॉफ्टवेअरचा आता काही उपयोग नाही असं नवीन बसवणारा म्हणाला. व्हीजीए नाही एचडीएमआय नाही, स्क्रीन कुठं लावायची तेच कळंना.

घरी केबलवाल्याचं फायबर आहे, त्यानंच दिलेला ओएनटी (फायबर जिथं येऊन मिळतं तो डबा), त्याचंच वायफाय. सहा मोबाईल, पोरीचा लॅपटॉप, टीव्ही आणि जिन्यात दोन कॅमेरे. मला खरी काळजी त्या कॅमेऱ्यांची आहे, स्वस्तातले घेतले होते, कुठल्या सर्व्हरला जाऊन बोलतात काही पत्ता नाही, आणि त्याच वायफायवर घरातले बँकेचे व्यवहार पण होतात. ऐकलंय की असल्या डब्यावर ओपीएनसेन्स नाहीतर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर फुकट टाकता येतं. मी कॉमर्सवाला माणूस, पण विंडोज टाकायला येतं, शिकायची तयारी आहे. दोन दिवस झाले नुसतं बघत बसलालो, सुरुवात कुठनं करू सांगा.


कन्सोल_अण्णा | रविवार, रात्री १०:२५

चांगली वस्तू हाताला लागलीय तुमच्या. स्क्रीन नाही म्हणून घाबरू नका, या डब्यांची स्क्रीन म्हणजे तो कन्सोल पोर्टच. दिसायला लॅनसारखा पण आतून सिरीयल, त्यात साधी लॅनची वायर घालून काही होणार नाही. निळी चपटी कन्सोल केबल मिळते, एका टोकाला यूएसबी असलेली घ्या, लॅपटॉपवर पुट्टी (कन्सोलची अक्षरं दाखवणारा प्रोग्राम) उघडा, स्पीड ११५२०० ठेवा आणि मग डबा चालू करा. नीट अक्षरं आली तर काम झालं. चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली तर स्पीड चुकलाय, ९६००, १९२००, ३८४०० असं एकेक करून बघा. काही डब्यांत बायोस (डबा चालू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर) एका स्पीडला बोलतं आणि पुढची सिस्टीम दुसऱ्या, त्यामुळं मध्येच कचरा दिसायला लागला तर डबा बिघडला असं समजू नका, बरेच जण तिथंच सोडून देतात.

सुरुवातीला प्रोसेसरचं नाव येईल ते इथं टाका. ६४ बिटचा आहे की नाही एवढंच आधी बघायचं, नसेल तर दोन्हीपैकी काहीच चढणार नाही, पीएफसेन्सनं २०१७ मध्येच ३२ बिट सोडलं. प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शन जलद करायची सोय) नसलं की पीएफसेन्स चालत नाही असं कुणी सांगेल, तशी घोषणा झाली होती खरी पण नंतर ती मागं घेतली, त्यामुळं त्यावरून डबा टाकून देऊ नका.

अजून दोन गोष्टी, आणि या मी मनापासून सांगतोय. एक, साहेबांकडून दोन ओळींचं पत्र घ्या की चालू स्थितीतली वस्तू वापरायला दिली. ऑफिसांनी ई-कचरा नोंदणी असलेल्याच रिसायकलरला किंवा रिफर्बिशरला द्यायचा असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याचे नवीन नियम लागू आहेत, उद्या ऑडिटमध्ये तुमचं नाव निघायला नको. दुसरं, आतल्या डिस्कवर तुमच्या ऑफिसची सगळी जुनी कॉन्फिगरेशन असणार, व्हीपीएनचे (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेचे) पासवर्ड, कोण काय बघत होतं त्याचे लॉग. ते उघडून बघायचं नाही. आधी पूर्ण पुसा, मग पुढचं काम.


रेल्वेलाईन्स_४२ | रविवार, रात्री ११:१०

आपल्याकडं असे डबे भरपूर निघणार आहेत. कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने सगळीकडं सायबरोमचा फायरवॉल असायचा, ती मूळची अहमदाबादची कंपनी, २०१४ मध्ये सोफोसनं घेतली. त्या पिढीचे डबे आता एकेक करून कपाटातून बाहेर पडलालेत. आत बघितलं तर बहुतेकांत साधा इंटेलचा पीसीच असतो, फक्त लॅन पोर्ट जास्त.

मला या सॉफ्टवेअरच्या कुळाबद्दल फार आपुलकी आहे म्हणून थोडं सांगतो. मॅन्युएल कॅस्पर नावाच्या स्वित्झर्लंडच्या माणसानं २००३ मध्ये मोनोवॉल काढलं, अगदी छोट्या मशीनवर चालणारा फायरवॉल, सगळी सेटिंग ब्राउझरमधून. त्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स फुटलं, पीएफसेन्समधून २०१५ च्या जानेवारीत ओपीएनसेन्स, आणि पुढच्याच महिन्यात कॅस्परनं मोनोवॉल बंद करताना आपल्या लोकांना सांगितलं की ओपीएनसेन्स बघा. बारा वर्षं फुकट सांभाळलं आणि बंद करताना पुढची वाट दाखवून गेला.

राउटरवर टाकायच्या ओपनडब्ल्यूआरटीचं घराणं वेगळं, ते लिनक्सवरचं. लिंक्सिसचा तो निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर होता ना, त्यात लिनक्स वापरलंय हे लोकांनी हुडकून काढलं, लिनक्सच्या जीपीएल लायसन्समुळं (वापरून विकलं तर कोड खुला करायची अट) कंपनीला कोड खुला करावा लागला आणि त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. तुमच्या डब्यात रॅम कमी निघाली तर तेच टाका, २५६ एमबीत पण आरामात चालतं.


अशोकचौक_पूर्व | बुधवार, रात्री ११:५५

अण्णा, पत्र घेतलं. केबल नवी पेठेत मिळाली नाही, ऑनलाईन मागवली. ११५२०० ला कचरा, ३८४०० ला बायोस अगदी स्वच्छ दिसलं! पाटी-पेन्सिल हातात आल्यासारखं वाटलं. सेलेरॉन आहे, ६४ बिट. रॅम २ जीबी, डिस्कच्या जागी कॅमेऱ्यात असायचं तसलं सीएफ कार्ड, ते न बघता पुसलं आणि बाजूला काढलं. आत सॅटाचं (डिस्क जोडायचं) कनेक्शन रिकामं होतं तिथं जुन्या लॅपटॉपची १२० ची एसएसडी लावली, बंद पडलेल्या पीसीतली रॅम काढून ४ जीबी केली.

ओपीएनसेन्सची सिरीयल लिहिलेली इमेज घेतली, पेन ड्राइव्हवरून चढली, सहाही पोर्ट इंटेलचे म्हणून लगेच ओळखले, em० ते em५. लाईटचा भरवसा नाही म्हणून फाईल सिस्टीम झेडएफएस निवडली. ओएनटीची वायर em० मध्ये, घरचा स्विच em१ मध्ये.

आता अडचण. डब्याचं पान उघडतंय पण नेट काही केल्या येत नाही. आणि घड्याळ २०१० दाखवत होतं, तारीख हातानं बरोबर केली. पण नेट नाही ते नाहीच.


पुण्यातली_सोलापूरकर | गुरुवार, सकाळी ७:३०

दादा, ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि ओपीएनसेन्सचा लॅनचा पत्ता पण मुळात तोच असतो. दोन्हीकडं एकच गाव असल्यावर डबा पाकीट बाहेर धाडायचं की आतच ठेवायचं हे कसं ठरवणार. लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा, डीएचसीपीची (मशीनींना पत्ते वाटायच्या सोयीची) रेंज पण त्याच मापात, आणि स्विच एकदा बंद-चालू करा.

दुसरं म्हणजे ओएनटीचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर सगळे मोबाईल फायरवॉलला टाळूनच बाहेर जाणार, मग एवढी खटपट वाया. घरात जुना राउटर असेल तर त्याचं डीएचसीपी बंद करून, लॅन पोर्टात वायर घालून, नुसतं वायफायपुरता वापरा. कॅमेऱ्यांना em३ वर वेगळं नेटवर्क द्या, तुमच्याकडं सहा पोर्ट आहेत त्यामुळं व्हीलॅनचा (एकाच वायरीवर वेगळी नेटवर्कं करणारा) स्विच घ्यायची पण गरज नाही. नियम सोपे, कॅमेऱ्यांकडून घरच्या नेटवर्कला बंद, कॅमेऱ्यांकडून इंटरनेटला बंद, फक्त वेळ बरोबर ठेवायला फायरवॉलचं एनटीपी चालू. घरच्या नेटवर्ककडून कॅमेऱ्याकडं मात्र जाऊ द्या म्हणजे घरात बसून दिसतील.


जुळे_सोलापूरकर | गुरुवार, सकाळी ९:०५

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी पण असाच डबा आणला होता आणि महिन्याभरात उचलून ठेवला. या मशीनी एसीच्या सर्व्हर रूमसाठी बनवलेल्या, बारीक ४० मिलिमीटरचे पंखे, रात्री बाराला घर शांत झालं की नुसतं सूं करतात, बाबांना झोप लागेना. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ४२-४३ अंश, पत्र्याच्या खोलीत अजून वर, तेव्हा पंखे काढून पण चालत नाही.

आणि वीज. तुमचा डबा किती वॅट खातो ते प्लगला मीटर लावून मोजा. ४० वॅट असला तरी दिवसाला जवळपास १ युनिट, महिन्याला २९. एमएसईडीसीएलच्या बिलात १०० च्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चढतो, त्यामुळं ज्यांचं बिल १०० च्या आसपास फिरलालंय त्यांना हे २९ चांगलेच महाग पडतात. त्यापेक्षा जुना थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा, कमी विजेचा पीसी) बघा, एचपीचा टी६२० प्लस, त्यात कार्डाला जागा असते, दोन-चार पोर्टचं इंटेलचं जुनं कार्ड टाकलं की झालं, वीज निम्म्यापेक्षा कमी आणि आवाज शून्य.


अशोकचौक_पूर्व | शनिवार, दुपारी ३:१५

ताई, नेट आलं! पत्ता बदलल्याबरोबर आलं. पोरीला दाखवलं, कॅमेरे दर मिनिटाला बाहेर कुठं कुठं जायचा प्रयत्न करतात आणि इथं लाल रेघेनं अडवले जातात, ती अर्धा तास तेच बघत बसली होती. अनबाउंडमध्ये (ओपीएनसेन्समधली डीएनएसची, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधायची सोय) ब्लॉकलिस्ट लावली, डीएनएसएसईसी (ती उत्तरं खरी आहेत का ते सहीवरून तपासणं) पण टिक केलं.

जुळे दादा, मीटर लावला, ४१ वॅट. आवाजाचं म्हणाल तर आमच्या भिंतीपलीकडं दिवसभर लूम चालतात, दिवसा काही जाणवत नाही, रात्री मात्र तुमचं म्हणणं पटतं.

पण आता एक अशी गोष्ट झालीय की मला काही उलगडंना. काल दुपारी लाईट गेली. ओएनटी, स्विच आणि वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर आहेत, हा डबा नाही. डबा बंद पडला, पडताना आतून टक् असा आवाज आला. तर नेट बंद पडायला पाहिजे ना? दोन मिनिटांत सगळ्यांचे मोबाईल चालू! तासाभरानं लाईट आली, डबा चालू झाला आणि नेट गेलं. लाईट गेली की नेट चालू, लाईट आली की बंद, असं उलटं कसं होईल?


भवानीपेठ_लूम | शनिवार, दुपारी ४:००

वाचलालो सगळं. माझ्या कारखान्यात आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आहे, पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवला तोच आहे अजून. त्याला पण असलं काही लागतं का?


पुण्यातली_सोलापूरकर | शनिवार, संध्याकाळी ६:२०

भवानीपेठ काका, तो पासवर्ड आज बदला, उद्यावर ढकलू नका. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम जगभर असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर शोधत फिरला, कंपनीचे ठरलेले पासवर्ड टाकून आत शिरला, आणि ऑक्टोबरमध्ये त्या सगळ्यांना एकदम डाईन या डीएनएस कंपनीवर सोडलं तेव्हा अमेरिकेत मोठमोठ्या साईट काही तास उघडत नव्हत्या. मालकांच्या ध्यानीमनीही नव्हतं की आपला कॅमेरा कुणावर हल्ला करतोय.

अशोकचौक दादा, लाईट गेल्यावर मोबाईलला कुठला पत्ता मिळाला ते बघितलं का?


अशोकचौक_पूर्व | शनिवार, रात्री ८:१०

आता मुद्दाम डब्याचा प्लग काढून बघितलं. टक् वाजलं. मोबाईलचं वायफाय बंद-चालू केलं तर १९२.१६८.१.७. म्हणजे ओएनटीनं दिलेला? मध्ये डबा बंद असताना?


कन्सोल_अण्णा | शनिवार, रात्री ८:४०

हो, ओएनटीनंच दिलेला. बायपास आहे तो. थोडं सविस्तर लिहितो कारण हे माहीत नसेल तर फायरवॉल असून नसल्यासारखा होतो.

ऑफिसच्या काही डब्यांत पोर्टांच्या जोडीमध्ये रिले (विजेवर चालणारा आपोआप स्विच) बसवलेली असते. डबा बंद पडला तर सगळ्या ऑफिसचं काम अडू नये म्हणून वीज गेली की रिले खाली पडते, तोच तुमचा टक्, आणि त्या जोडीचे दोन्ही पोर्ट आतल्या आत तारेनं जोडल्यासारखे होतात. तुम्ही नेमकी ओएनटीची वायर em० मध्ये आणि घरचा स्विच em१ मध्ये घातलाय, ती जोडी निघाली. वीज जाताच तुमचं सगळं घर सरळ ओएनटीला चिकटलं, त्याच्या डीएचसीपीनं पत्ते वाटले. ऑफिसात पुढं दुसरा राउटर असतो आणि हा डबा नुसता मध्ये बसतो, तिथं ही सोय कामाची. घरी हाच डबा राखणदार, तो झोपला की दार सताड उघडं.

बायोसमध्ये जा, लॅन बायपास नावाचं सेटिंग असेल, ते डिसेबल करा.


अशोकचौक_पूर्व | मंगळवार, रात्री १०:३०

अण्णा, मिळालं सेटिंग, रविवारी डिसेबल केलं, प्लग काढून बघितलं, टक् नाही, नेट पण बंद. एकदम बरोबर. पण आज दुपारी लाईट चांगली तीन तास गेली आणि घरी आलो तर परत तेच, मोबाईलला १.७, बायोसमध्ये बघितलं तर बायपास आपोआप इनेबल. आणि लाईट आल्यावर नेट बंद ते बंदच. मी शपथेवर सांगतो सेव्ह करून बाहेर पडलो होतो.


पुण्यातली_सोलापूरकर | मंगळवार, रात्री ११:००

बुधवारी तुम्ही लिहिलं होतं की घड्याळ २०१० दाखवत होतं. आता किती दाखवतंय?


अशोकचौक_पूर्व | मंगळवार, रात्री ११:०६

१ जानेवारी २०१०.


पुण्यातली_सोलापूरकर | मंगळवार, रात्री ११:२५

मग दोन्ही दुखणी एकच आहेत. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. प्लग क्षणभर काढला तेव्हा थोडी वीज शिल्लक असते म्हणून सेटिंग टिकलं, तीन तास वीज गेल्यावर बायोस सगळं विसरलं, घड्याळ २०१० ला गेलं आणि बायपास मूळ जागी, म्हणजे चालू.

लाईट आल्यावर नेट का जातं ते बघा. तुम्ही डीएनएसएसईसी टिक केलंय, त्यात प्रत्येक उत्तरावरच्या सहीला तारीख असते. डब्याच्या मते आज २०१० आहे म्हणजे सगळ्या सह्या भविष्यातल्या, म्हणून तो एकही नाव मान्य करत नाही. घड्याळ बरोबर करायला एनटीपी सर्व्हर लागतो, पण त्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतं. तिथं गाठ बसते आणि सुटत नाही. पहिल्यांदा तारीख हातानं घातली होती म्हणूनच पत्ता बदलल्यावर सगळं चाललं होतं.

सेल बदला, सीआर२०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. बायोसमध्ये तारीख आणि बायपास परत सेट करा. आणि तरीही त्या जोडीवर विसंबू नका, सेल परत कधीतरी संपणारच. मुख्य वायरी जोडी नसलेल्या पोर्टांत हलवा. शोधायचं असं, बायपास चालू असतानाच डब्याचा प्लग काढा, ओएनटीची वायर एका पोर्टात आणि लॅपटॉप एकेक करून बाकीच्या पोर्टांत, जिथं लॅपटॉपला आयपी मिळाला ती जोडी. सगळे पोर्ट असे तपासा.


रेल्वेलाईन्स_४२ | बुधवार, सकाळी ८:१५

ताई, कमाल केलीत. मी स्वतः दहा वर्षं हे करतोय पण तारखेचा आणि बायपासचा धागा एकत्र जोडला नसता. सेल बदलताना मशीनचा प्लग काढूनच बदला हो, आणि आतली धूळ ब्लोअरनं उडवा, पूर्व भागात कापसाची रुई पंख्यात अडकून त्याची अक्षरशः वात होते.


अशोकचौक_पूर्व | रविवार, सकाळी ११:४०

सेल बदलला. em० आणि em१ एवढीच जोडी निघाली, त्या दोन्ही पोर्टांना इन्सुलेशन टेप लावून टाकली. आता ओएनटी em२ मध्ये, घर em४ मध्ये, कॅमेरे em३ वरच. काल संध्याकाळी परत दोन तास लाईट गेली, नेट बंद राहिलं, लाईट आली, चार मिनिटांत सगळं आपोआप उभं राहिलं. इतका आनंद मला पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा झाला होता.

आता एक ठरवलंय. रात्रीचा आवाज आणि ते २९ युनिट, घरच्यांना मी किती दिवस समजावणार, आणि जुळे दादांचं म्हणणं खरंच बरोबर आहे. थिन क्लायंट मिळाला की सेटिंगची फाईल काढून त्यावर चढवणार, पोर्टांची नावं बदलतील तेवढी दुरुस्त करावी लागतील असं वाचलं. आणि हा डबा भवानीपेठ काकांच्या कारखान्यात. तिथं आवाजाचा प्रश्नच नाही, पोर्ट पण सगळे लागतील, आठ कॅमेरे, बिलिंगचा पीसी, कामगारांचं वायफाय, सगळं वेगवेगळं करता येईल. काका चालेल का?


भवानीपेठ_लूम | रविवार, दुपारी १२:३०

चालेल काय, पाहिजेच. पासवर्ड त्याच दिवशी बदलला. पण मला घरी बसून मोबाईलवर कॅमेरे दिसायला पाहिजेत, रात्रपाळी असते. तुम्ही म्हणता कॅमेऱ्यांचं इंटरनेट बंद करायचं, मग कसं दिसणार?


कन्सोल_अण्णा | रविवार, दुपारी १:१५

दिसेल. डीव्हीआर बंदच ठेवायचा, तुम्ही व्हीपीएननं फायरवॉलमध्ये शिरायचं आणि तिथून डीव्हीआर बघायचा. व्हीपीएनमध्ये वायरगार्ड उत्तम, जुन्या प्रोसेसरवर पण हलकं चालतं कारण त्याला एईएसची गरज नसते. फक्त आधी फायरवॉलच्या वॅनला (बाहेरच्या नेटच्या पोर्टाला) कुठला पत्ता मिळतो ते बघा. ओएनटी ब्रिजमध्ये (नुसतं नेट पुढं देणारा) करून पीपीपीओईचं (केबलवाल्याच्या नेटचं) लॉगिन फायरवॉलमध्ये टाका, केबलवाल्याला सांगितलं तर बरेच जण करून देतात. पत्ता १०० नं सुरू झाला आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असला तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात, म्हणजे एक पब्लिक पत्ता अनेकांत वाटलेला, बाहेरून सरळ आत येता येणार नाही. मग एकतर त्यांच्याकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर आयपीव्ही६ मिळत असेल तर त्यावरून, नाहीतर ओपीएनसेन्सवर टेलस्केल या व्हीपीएनचं प्लगइन टाका, ते सीजीनॅटमधून पण रस्ता काढतं.

आणि काका, तिथं लाईट गेल्यावर काय काय चालू राहतं? डीव्हीआर इन्व्हर्टरवर असेल तर हा डबा पण इन्व्हर्टरवरच पाहिजे.


भवानीपेठ_लूम | रविवार, दुपारी १:४०

डीव्हीआर इन्व्हर्टरवर आहे, एक सॉकेट रिकामं आहे. पुढच्या रविवारी कारखाना बंद असतो, अशोकचौकवाले आणि अण्णा दोघं सकाळी दहाला या. ती निळी केबल घेऊन या, माझ्याकडं नाही.